पहिला गोळा

जगाला कोणी कर्ता असायलाच हवा का, या प्रश्नावर आमच्या ओटीवर जितका चहा संपला तितका सगळ्या कुलाबा जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर संपला नसेल. चहा करणारी मी होते, म्हणून खात्रीनं सांगते. प्रश्न मास्तरांचा, उत्तर आमच्या ह्यांचं आणि आधण माझं, अशी आमची वाटणी होती.

आमचे हे गावच्या शंकराचे पुजारी. गाव चौलाच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. मागे टेकडी, पुढे खाडी आणि दोहोंच्या मधे खाऱ्या जमिनीतली भातशेती. मी दिवेआगरची, पोफळींच्या सावलीत वाढलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा गावात सावली कमी आणि चिखल फार, एवढंच पहिलं मत झालं होतं. मास्तर माझ्या आधी वर्षभर आलेले. लोकल बोर्डाच्या मराठी शाळेचे हेडमास्तर, आणि शाळेत दुसरा मास्तर नसल्यामुळे इतरही सगळे मास्तर तेच. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी नाशिकला दिलेली. उंच, वाळके, धोतर नेहमी पोटरीपर्यंत खोचलेलं, आणि बारा महिने काखेत छत्री. उन्हात ती उघडत नसत, पावसात तर नाहीच. "ओली झाली तर वाळवायची कुठे?" म्हणायचे.

गावातली पोरं त्यांना 'आधीमास्तर' म्हणायची. वर्गात ते विचारायचे, पाऊस कशातून पडतो? पोरं म्हणायची, ढगांतून. त्याच्या आधी? वाफ. त्याच्या आधी? समुद्र. त्याच्या आधी? इथे पोरं गप्प व्हायची, आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी सुटका व्हावी म्हणून म्हणायचं, "देव." मास्तर खुशीत येऊन विचारायचे, "आणि त्याच्या आधी?" एकदा एका पोरानं उत्तर दिलं, "त्याच्या आदी जेवनाची सुटी व्हती, तुमी दिली न्हाय." मास्तरांनी घड्याळात पाहिलं, पोराची पाठ थोपटली आणि शाळा सोडली. खरं उत्तर देणारा हा पहिलाच, असं संध्याकाळी आमच्याकडे येऊन कौतुकानं सांगितलं.

आमच्याकडे ते रोज यायचे. देवळात मात्र कधी पाऊल टाकलं नाही. येताना बाहेरूनच हात लांब करून घंटा वाजवायचे. हे म्हणायचे, "मास्तर, नमस्कार नाही तर घंटा कशाला?" त्यावर मास्तर म्हणायचे, "पितळ चांगलं आहे, भटजी. नाद ऐकायला देवाची परवानगी लागत नसावी." प्रसादाला मात्र त्यांची ना नसे. शिरा असला तर दोनदा हात पुढे यायचा, आणि दुसऱ्यांदा हात पुढे आला की हे काही न बोलता माझ्याकडे बघून हसायचे.

मास्तरांच्या खिडकीत एका फुटक्या कौलात खाडीचं पाणी ठेवलेलं असायचं. उन्हानं ते आटलं की तळाशी मिठाचे खडे धरायचे. त्यातला चांगलासा खडा तळहातावर घेऊन ते एकदा आमच्याकडे आले. "बघा, वहिनी. चारी बाजू कशा सरळ. कोणी पट्टी धरली नाही, कोणी रेघ मारली नाही. आपोआप." ह्यांनी तोच खडा हातात घेतला, उजेडाकडे धरला. "पट्टी धरणारा दिसत नाही म्हणून नाही म्हणता?" म्हणाले. दोघंही त्या खड्याकडे अगदी सारख्याच कौतुकानं बघत होते. मी तो उचलून आमटीत टाकला, कारण घरातलं मीठ सरलं होतं आणि वाद काही सरणार नव्हता.

मला विचाराल तर मला दोघांचंही पटायचं. हे बोलायला लागले की वाटायचं, बरोबर आहे, एवढा पसारा कोणी मांडल्याशिवाय कसा मांडला जाईल? मास्तर बोलायला लागले की वाटायचं, मांडणाऱ्याला कोणी मांडलं, हेही विचारायला हवं. मग मी चहा कोणाचा गार झाला ते बघायची. ज्याचा गार झाला तो अडचणीत आला, असं समजायची.

एका पावसाळ्यात मास्तरांना हिवताप झाला. ह्यांनी त्यांच्या नावानं शंकरावर अभिषेक धरला, मास्तरांनी अलिबागहून क्विनीन मागवलं. ताप उतरला. हे म्हणाले, अभिषेकानं. मास्तर म्हणाले, क्विनीननं. त्यावर दोघं पंधरवडाभर बोलत होते. सगळ्या तापात दोन्ही वेळची पेज मी पोचवली होती, तिचं नाव कोणी काढलं नाही.

घड्याळाबद्दल सांगितल्याशिवाय मास्तर पुरे होणार नाहीत. चांदीचं, साखळीचं, खिशातलं घड्याळ. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मास्तरांच्या बायकोची म्हणता येईल अशी तेवढीच वस्तू त्यांच्यापाशी उरली होती. रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून ते त्याला किल्ली द्यायचे, कानाशी लावायचे आणि मग बोलायला सुरुवात करायचे. आंघोळीला विहिरीवर गेले तरी दिसेल अशा जागी टांगायचे. एकदा रेवदंड्याच्या तरीत त्यावर पाण्याचे चार थेंब उडाले, तर दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

ह्यांनी एकदा चौलच्या जत्रेतून एक छापील चोपडं आणलं. त्यात देव आहे हे सिद्ध करायची सोपी रीत दिली होती: रानातून जाताना वाटेत घड्याळ सापडलं, तर ते आपोआप उगवलं असं कोणी म्हणेल का? कोणीतरी केलेलं, कोणीतरी ठेवलेलं असणारच. हे भारीच खुश झाले. संध्याकाळ होईपर्यंत त्यांना दम निघेना. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातलं घड्याळ काढून ओटीवर ठेवलं आणि म्हणाले, "भटजी, घड्याळं करणारी माणसं मी मुंबईत पाहिली आहेत, म्हणून घड्याळाला कर्ता आहे हे मी मानतो. जगं करणारा तुम्ही कुठे पाहिलात? आणि पाहिला असेल तर त्याचा कारखाना कोणी काढला?" ह्यांचा चहा त्या दिवशी गार झाला. पण रीत त्यांनी सोडली नाही. पुढे कुठलीही वस्तू सापडली, चमचा असो की पंचा, की हे म्हणायचे, "सापडला म्हणजे कोणीतरी ठेवलेला असणारच." आणि मास्तर म्हणायचे, "त्याच्या आधी?"

हे सगळं गमतीचं होतं. त्या प्रश्नानं गावाचं भात घालवायची वेळ आणली, तेव्हा मात्र कोणाला हसू आलं नाही.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गावची शेती म्हणजे खाडीला बांध घालून मागे हटवलेली जमीन. बांध नुसत्या चिखलाचा. दरवर्षी कुठेतरी खचतो, दरवर्षी लिंपतात. कोजागिरीच्या उधाणाला त्याला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. पौर्णिमेचं पाणी थोडंच आत आलं, काठची थोडी रोपं खाऊन गेलं. पण पुढे दिवाळीच्या अमावास्येचं उधाण होतं, आणि त्याला वाट उघडी मिळाली असती तर निसवलेलं, लोंब्या धरलेलं सगळं भात गेलं असतं. नुसतं त्या सालचं नव्हे. खारं पाणी एकदा मुरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवताखेरीज काही येत नाही.

अमावास्येच्या आधी भांगाचे दिवस येतात, तेव्हा भरती अंगानं लहान असते. बांध बुजवायचा तो तेव्हाच. पण आमच्या गावाची एक चाल होती. खांडीत चिखलाचा पहिला गोळा टाकायचा तो ज्याच्या पूर्वजानं हा बांध घातला त्याच्या घरच्यानं. तो पडल्याशिवाय दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा मान एका म्हाताऱ्याच्या घरचा होता, आणि तो म्हातारा त्याच पावसाळ्यात निपुत्रिक वारला. आता मान कोणाचा? वरल्या आळीचा जोमा म्हणाला आमचा, खालच्या आळीचा हिराजी म्हणाला आमचा. हे जोमा आणि हिराजी एकमेकांचे व्याही. हिराजीची मुलगी यमुना ही जोमाची सून.

देवळात बैठक झाली. हे म्हणाले, चिठ्ठ्या टाकू. बरीच माणसं तयारही झाली होती. पण कोणीतरी म्हणालं, मास्तर शिकलेले आहेत, परके आहेत, त्यांनी निवाडा द्यावा. आणि आमच्या मास्तरांनी, सवयीनं, निवाड्याऐवजी प्रश्न विचारला.

"जोमा, बांध कोणी घातला?"

"आमचे पणज्यानी."

"त्याच्या आधी तिथे काय होतं?"

जोमा घुटमळला. हिराजीला तेवढंच हवं होतं. "त्याच्या आदी आमच्या खापरपणज्याचा बांद व्हता. त्यावरच याच्या पणज्यानी चिखल लावला."

"बरं. आणि त्याच्या आधी?"

झालं. दुसऱ्या दिवशी जोमा आणखी चार पिढ्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी हिराजीनं शिवाजी महाराजांच्या आरमारातला एक पूर्वज आणला. चौथ्या दिवशी वरल्या आळीचं म्हणणं पडलं की बांध पांडवांनी एका रात्रीत घातला आणि भीमाला टोपली आमच्या माणसानं उचलून दिली. मास्तर बैठकीला जाताना रंगात यायचे. इतक्या माणसांना एका वेळी आपला प्रश्न पडलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मधल्या मधे भांगाचे दिवस निघून चालले होते.

यमुना आमच्याकडे दूध घालायची. तिचा नवरा मुंबईला गोदीत, इथली शेती तिच्याच अंगावर. तिचं शेत नेमकं खांडीला लागून होतं. एका संध्याकाळी ती दूध घेऊन आली तेव्हा हे आणि मास्तर ओटीवर बसले होते. चरवी तिनं माझ्या हातात दिली.

"सासरा बापाशी बोलत न्हाय, बाप सासऱ्याशी बोलत न्हाय," ती म्हणाली. "दोगंबी मला सांगतात, तू आमची हायस. भात कोनाचा हाय ता कोन बोलत न्हाय."

मग ती मास्तरांकडे वळली. आवाज चढवला नाही. "मास्तर, तुमी त्यांना मागं मागं नेलंत. आता फुडं कोन आननार?"

ती गेली. हे काहीतरी बोलायला गेले, तर मास्तरांनी त्यांना हातानंच थांबवलं. चहा अर्धा टाकून उठले. माझ्या हातचा चहा त्यांनी टाकलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला, आणि मला त्यांची फार दया आली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. त्यांना फक्त थांबायचं कुठे ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी होती. सगळं गाव बांधावर आलं. खांडीच्या एका अंगाला वरली आळी, दुसऱ्या अंगाला खालची. दोन्हीकडे चिखलाचे गोळे कापून रचून ठेवलेले, पेंढ्याचे भारे आणलेले, आणि माणसं कमरेवर हात देऊन उभी. हे पूजेला नारळ घेऊन गेले होते, मी मागे फुलांची परडी घेऊन. पहिला गोळा पडल्यावर खांडीची पूजा व्हायची असते. पण गोळाच पडेना.

तेवढ्यात मास्तर आले. काखेत छत्री, चपला हातात. माझ्यापाशी येऊन थांबले, वाकले आणि म्हणाले, "वहिनी, आज जास्वंदी चांगल्या फुलल्यात." आणि परडीतली फुलं हातानं जराशी हलवून बघितली. मला नवलच वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग ते बांधाच्या अगदी कडेला गेले आणि दोन्ही आळ्यांना उद्देशून बोलायला लागले. "आता असं समजा, की हा बांध मुळात कोणीच घातला नाही. गाळ साचत गेला, गवत उगवलं..." जोमा ओरडला, "मास्तर, मागं सरा, कड कच्ची हाय." मास्तर आणखी एक पाऊल पुढे सरले, छत्री वर करून म्हणाले, "समजा, पहिला गोळा आपोआप..." आणि त्यांच्या पायाखालची कड तुटली. चिखलाचं एवढं मोठं ढेकूळ, त्यावर मास्तर, त्यांच्यावर छत्री, सगळं एकदम खांडीत. छातीपर्यंत रुतले.

मग वरल्या अंगानं जोमानं उडी टाकली आणि खालच्या अंगानं हिराजीनं. दोघे साठी उलटलेले. एकानं एक बगल धरली, दुसऱ्यानं दुसरी. पाय टेकायला जागा मिळेना, तसा हिराजी वर बघून ओरडला, "बघता काय रं? गोलं टाका पायाखाली." दोन्हीकडून गोळे पडायला लागले. मास्तर मोकळे होईपर्यंत खांड गुडघाभर भरून आली होती, आणि व्याही-व्याही तिच्यात एकमेकांना धरून उभे होते.

जोमा धापा टाकत म्हणाला, "पयला गोला पडला."

"पडला," हिराजी म्हणाला. "कोनाचा पडला?"

जोमानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर डोळ्यांतला चिखल काढत होते. "कोनाचाच न्हाय," जोमा म्हणाला. "पडला तो पडला. पेंडा आना."

मग माणसांची रांग लागली आणि हातावरून हात गोळे जायला लागले. यमुना रांगेत बापाच्या आणि सासऱ्याच्या मधे उभी राहिली. ह्यांनी नारळ फोडला आणि फुलांसाठी माझ्याकडे हात केला. मी परडीत हात घातला, तर जास्वंदींच्या खाली रुमालात गुंडाळलेलं काहीतरी कडक लागलं. बोटांना टिकटिक कळली. मी ते पदराखाली घेतलं आणि ह्यांना फुलं दिली.

अमावास्येचं उधाण आलं, बांधाला टेकलं आणि परत गेलं. भात घरात आलं.

मास्तर घसरले की त्यांनी मुद्दाम उडी घेतली, यावर गावात पुढे किती वर्षं तरी वाद चालला. वरली आळी म्हणे घसरले, कड कच्ची होती. खालची आळी म्हणे उडी घेतली, घसरले असते तर छत्री हातात राहिली असती का? आमचे हे म्हणत, घसरले नाहीत आणि उडीही घेतली नाही, शंकरानं ढकललं. कोणी मास्तरांनाच विचारलं तर ते म्हणत, "चिखलाला विचारा. मी खाली जाण्यात गुंतलो होतो." चाल मात्र तेव्हापासून बदलली. अजूनही आमच्याकडे खांड पडली की पहिला गोळा हातानं टाकत नाहीत. बांधाची कड पायानं मोडून पाडतात, आणि तो कोणाचा ते विचारत नाहीत.

मास्तर पुढे पेन्शनीत गेले तरी गाव सोडून गेले नाहीत. यमुनाच्या घरून त्यांना दरवर्षी नव्या तांदळाची पायली जायची. ते आमच्या ओटीवरच म्हातारे झाले आणि एका हिवाळ्यात शांतपणे गेले. ह्यांनी सख्ख्या भावासारखं त्यांचं सगळं केलं. मी खरी गोष्ट ह्यांना कधी सांगितली नाही. सांगायला काय सांगणार? मास्तरांना पाडलं मास्तरांनी. पण त्यांच्या मनात ते घातलं यमुनानं. तिला बोलायला लावलं बापानं आणि सासऱ्यानं, त्यांना लावलं त्या बांधानं. आणि त्याच्या आधी? इथपर्यंत आलं की मला वाटायचं, शंकरानं ढकललं असं हे म्हणतात तर म्हणोत, माझ्याकडे त्याहून चांगलं उत्तर नाही.

त्या बांधाच्या दिवशी मास्तरांना जोमाच्या घरी नेलं, ऊन पाणी घातलं, कोरडं धडुतं नेसवलं. घड्याळ चिखलात गेलं असं सगळं गाव धरून चाललं होतं आणि हळहळत होतं. मास्तर आमच्याकडे आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. घंटा वाजवली, ओटीवर बसले, पण किल्ली द्यायला घड्याळ नव्हतं, तेव्हा हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. माजघराच्या दाराकडे एकदा बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मी तबकात दोन कप ठेवले आणि मास्तरांच्या कपाशेजारी घड्याळ ठेवलं.

"अरेच्चा," हे म्हणाले. "हे कुठे मिळालं?"

"सापडलं," मी म्हटलं. "कोरडं ठणठणीत. रुमालात नीट गुंडाळलेलं होतं."

ह्यांचे डोळे चमकले. गोष्ट काय ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांना फक्त आपली जुनी रीत आठवली होती. सरसावून बसले आणि मास्तरांकडे बोट करून म्हणाले, "सापडलं, आणि तेही गुंडाळलेलं. मग कोणीतरी जाणूनबुजून ठेवलेलं असणारच."

मास्तरांनी घड्याळ उचललं. किल्ली दिली, कानाशी लावलं. माझ्याकडे पाहिलं.

"असणार, भटजी," ते म्हणाले. "असणारच."

आणि कप तोंडाला लावला. हे कितीतरी वेळ बोट तसंच धरून पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले होते. त्यांचा चहा गार झाला, तो मी पुन्हा ऊन करून दिला.